सीटी जवळजवळ नॉर्मल, तरी लिम्फोमा: माझा अनुभव

जठराचा लिम्फोमा हा शब्द आमच्या घरात, गल्लीत, पाहुण्यारावळ्यांत कुणी ऐकलेला नव्हता. लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लिम्फॉइड पेशींचा कॅन्सर. पोटाचा कॅन्सर म्हटलं की लोकांना जे आठवतं, ते या आजाराला लागू पडत नाही. मला झाला होता तो माल्ट लिम्फोमा, म्हणजे अस्तरातल्या लिम्फॉइड पेशींचा, आणि लो-ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा. तपासण्यांच्या काळात मी आणि माझ्या घरच्यांनी सगळ्यात जास्त हेलकावे खाल्ले ते सीटी स्कॅनच्या रिपोर्टवरून. या आजारात सीटीत काय दिसतं, काय दिसत नाही आणि डॉक्टर तरीही तो का काढायला लावतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री नीट झोप लागली असती. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. बेळगावच्या शहापूर भागात माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतो. खाली जे वैद्यकीय आहे ते माझ्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलेलं आहे. तुमच्या बाबतीत निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील.

२०२३च्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे आलं आणि दोन चकल्यांत पोट गच्च झालं. तिथपासून ते चालूच राहिलं. थोडं जेवलं की पोट भरायचं, बरगड्यांच्या खाली मधोमध दुखायचं, रात्री जास्त. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, त्याने आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. डिसेंबरमध्ये रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०च्या आसपास आलं. सोनोग्राफी केली, ती नॉर्मल. जठरात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीला नीट दिसत नाही, त्यामुळे ही तपासणी पित्ताशयासाठी, लिव्हरसाठी उपयोगी, जठराच्या आतल्या अस्तरासाठी नव्हे, असं डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट केलं. पन्नाशी ओलांडलेली, हिमोग्लोबिन कमी, वजन चार किलोने उतरलेलं. त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी पोटाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

संक्रांत झाल्यावर, जानेवारी २०२४च्या तिसऱ्या आठवड्यात एन्डोस्कोपी झाली. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही. घशात फवारा मारतात, तो कडू असतो, घसा सुन्न होतो. पाच-सात मिनिटांचं काम. ३,२०० रुपये तपासणीचे आणि अस्तराच्या तुकड्यांच्या तपासणीचे, म्हणजे बायोप्सीचे, १,५०० वेगळे. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: जठराच्या मधल्या भागातल्या घड्या जाड झालेल्या, अस्तर उंचसखल, एका जागी पसरट उथळ जखम. साधारण अल्सर असता तर चार-पाच तुकडे पुरतात, पण त्यांना काही वेगळं वाटलं म्हणून त्यांनी बरेच तुकडे घेतले, वेगवेगळ्या जागचे. हा आजार अस्तराच्या खालच्या बाजूला आणि तुटक-तुटक असू शकतो, एका तुकड्यात सापडेलच असं नाही. एक तुकडा त्यांनी तिथेच एका किटमध्ये टाकला. पिवळा रंग थोड्या वेळात गुलाबी झाला. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे.

तुकड्यांचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी आला. त्यात ‘दाट लिम्फॉइड पेशी, लिम्फोमाची शक्यता, आयएचसी करावी’ असा मजकूर होता. मी दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं वाचतो. शक्यता हा शब्द मी त्या दिवशी जितक्या वेळा वाचला तितका कुठलाच शब्द कधी वाचला नसेल. बायको शेजारी बसून होती. ती एवढंच म्हणाली, “अहो, अजून नक्की नाही म्हणतात ना? मग नक्की होऊ दे, मग बघू.”

आयएचसी म्हणजे त्याच तुकड्यांवर वेगवेगळे रंगद्रव्य टाकून पेशी कुठल्या जातीच्या आहेत ते ठरवणं. नमुना बेंगळूरला गेला, ६,५०० रुपये, दोन आठवडे. रिपोर्टात पेशींवरच्या खुणांची नावं होती: सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी५, सीडी१० आणि सायक्लिन डी१ निगेटिव्ह, केआय-६७ कमी. शेवटच्या दोन शब्दांवर डॉक्टरांनी पेनाने खूण केली. पेशी किती वेगाने वाढताहेत याचा तो आकडा. कमी असणं चांगलं. निदान झालं: माल्ट लिम्फोमा, लो-ग्रेड. इथे एक काम आवर्जून करा. तुकडे मेणात बसवून ठेवलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात. ते ब्लॉक आणि काचा तुमच्या असतात. लेखी अर्ज, आधारची झेरॉक्स आणि मूळ पावती दिली की मिळतात. मला पुढे आणखी एका तपासणीसाठी ते लागले, आणि हाताशी होते म्हणून पुन्हा दुर्बीण घालावी लागली नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आम्हाला पहिल्यांदा धीर आला. जठरात मुळात लिम्फॉइड पेशींचा थर नसतोच. हा जंतू वर्षानुवर्षं तिथे राहिला की शरीर त्याच्याशी लढायला त्या पेशी तिथे जमा करतं, आणि क्वचित कुणाच्या बाबतीत त्यातल्याच काही पेशी बेबंद वाढू लागतात. जंतू मारला तर त्यांना मिळणारी चिथावणी बंद होते आणि बऱ्याच रुग्णांत लिम्फोमा आपोआप ओसरतो. मी रात्री वाचत बसलो. हा जंतू १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला, त्यांना २००५चं नोबेल मिळालं. माल्ट लिम्फोमाचं वर्णन आयझॅकसन आणि राइट यांनी १९८३ साली केलं. आणि नुसत्या ॲन्टिबायोटिकने हा लिम्फोमा ओसरतो हे लंडनच्या डॉक्टरांनी १९९३ साली मांडलं. म्हणजे माझ्या आजोबांना हेच झालं असतं तर त्यांचं जठर काढून टाकलं असतं. हा विचार त्या रात्री मनातून जाईना.

पण औषध सुरू करण्याआधी आजार जठरापुरताच आहे की बाहेर गेलाय, हे बघायचं होतं. त्यासाठी सीटी.

आता पैशांचं आणि कागदांचं. आमचं रेशनकार्ड एपीएल. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. त्यासाठी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. मी चिठ्ठी काढायला गेलो तर माझ्या आधारकार्डावर वडिलांचं नाव पूर्ण आणि रेशनकार्डावर नुसतं आद्याक्षर, म्हणून काउंटरवर नोंद होईना. आपल्याकडे हे घरोघरी आहे. एक कागद कन्नडमधून इंग्रजीत आलेला, दुसरा मराठीतून. आजारी पडण्याआधीच ही नावं एकसारखी करून घ्या, आजारपणात त्या खिडक्यांसमोर उभं राहवत नाही. शेवटी कळलं की मला लागणार होत्या त्या बाहेरून करायच्या तपासण्या आणि घरी घ्यायच्या गोळ्या, दवाखान्यात भरती व्हायचं नव्हतं, म्हणून योजनेचा फायदा झाला नाही. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय २०२३ साली केला, त्याचीही चौकशी केली, तिथेही हीच अडचण. पण केमोथेरपी किंवा रेडिएशन लागणाऱ्यांनी दोन्हीकडची चौकशी जरूर करावी.

सीटीसाठी एका सरकारी ठिकाणी दर बराच कमी होता, तारीख मात्र तीन आठवड्यांनंतरची. खासगी सेंटरवर ७,५०० रुपये आणि तिसऱ्या दिवशीची वेळ. आम्ही खासगीत गेलो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी मागतात, कारण शिरेतून जे आयोडीनचं औषध देतात ते किडनीतून बाहेर पडतं. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू. क्रिएटिनिन ठीक होतं, तरी सेंटरच्या पद्धतीप्रमाणे सीटीनंतर ४८ तास ती गोळी बंद ठेवायला सांगितली. मधुमेही असाल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, सहा तास उपाशी राहणं आपल्याला जड जातं. दमा आहे का, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली होती का, हे विचारतात. नीट आठवून सांगा. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मी कन्नड वाचतो, पण ज्यांना येत नाही त्यांनी सोबतच्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्यावं, नुसती सही करू नये.

तिथे गेल्यावर एक बाई साध्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या आणि अर्ध्या तासात जवळजवळ लिटरभर पाणी थोडं-थोडं प्यायला लावलं. शेवटचा ग्लास टेबलावर झोपायच्या अगदी आधी. थोडं खाल्लं तरी पोट गच्च होणाऱ्या माणसाला लिटरभर पाणी म्हणजे शिक्षा. मी अर्ध्यावर थांबलो, तर त्यांनी पाच मिनिटं फिरायला लावून पुन्हा पाजलं. हे पाणी टाळू नका. सीटीत जठर कसं दिसणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. का, ते पुढे सांगतो.

कोपराजवळ सुई लावतात. टेबल गोल कमानीतून आत-बाहेर होतं. अंगावर काही येत नाही, कोंडल्यासारखं होत नाही. स्पीकरवरून टेक्निशियन सांगत होता, “उसिरु हिड्कोरी… बिड्री.” श्वास धरायचा, सोडायचा. मग औषध सोडलं. घशातून गरम लाट उठली आणि क्षणात पोटातून खाली जांघेपर्यंत गेली, तोंडात धातूची चव आली, आणि लघवी झाली की काय असं वाटलं. झालेली नसते. हे आधी सांगितलं तर माणूस घाबरत नाही. अर्ध्या मिनिटात सगळं ओसरलं. दहा मिनिटांत बाहेर. नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, पुरळ किंवा धाप लागत नाही ना ते बघायला. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. जठराच्या मधल्या भागाची भिंत ‘माइल्ड थिकनिंग’, जास्तीत जास्त ८ मिलिमीटर. घड्या ठळक. भोवतालची चरबी स्वच्छ. ‘नो सिग्निफिकंट लिम्फॅडेनोपॅथी’, म्हणजे लिम्फच्या गाठी फारशा वाढलेल्या नाहीत. लिव्हर, प्लीहा, स्वादुपिंड नॉर्मल. शेवटी एक ओळ: तुकड्याच्या रिपोर्टशी ताडून बघावं.

त्या एका कागदाचे आमच्या घरात दोन अर्थ झाले. आक्का गडहिंग्लजहून आली होती. ती म्हणाली, “सीटीत काय न्हाई म्हणतात की रे! मग कॅन्सर कसला? तो तुकड्याचा रिपोर्टच चुकला असंल.” मेहुणे म्हणाले, “भिंत जाड झाली म्हणतात, म्हणजे मुरलाय. इथे वेळ घालवू नका, मुंबईला चला.” पुण्याहून मुलीचा फोन, “बाबा, पेट स्कॅन करा, त्यात सगळं कळतं.” प्रत्येकाचा जीव तुटत होता आणि प्रत्येकजण वेगळ्या दिशेला ओढत होता. मी पुढच्या दिवशी सीडी आणि फिल्म घेऊन सीटी सेंटरच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमना भेटायला गेलो. आपण त्यांना कधी भेटत नाही, रिपोर्ट काउंटरवरून घेऊन निघून येतो. पण विचारलं तर त्या भेटतात. धारवाडच्या होत्या, कन्नड, हिंदी आणि जमेल तसं मराठी मिसळून त्यांनी मला पंधरा-वीस मिनिटं दिली. त्या वेळाने माझं पुढचं वर्ष सोपं केलं, म्हणून ते सविस्तर लिहितो.

त्यांनी आधी पाण्याचं कारण सांगितलं. रिकामी कापडी पिशवी मुठीत चुरगळली की कापड जाड लागतं, भरली की पातळ, जठराचं तसंच. रिकामं जठर आकसलेलं असतं आणि सीटीत त्याची भिंत उगीचच जाड दिसते. पाण्याने नीट फुगलं की निरोगी भिंत साधारण ५ मिलिमीटरच्या आतच असते, फक्त खालच्या टोकाशी, जिथे स्नायू जास्त, तिथे निरोगी माणसातही थोडी जास्त दिसते. शिवाय सीटीच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य; ही मोजपट्टी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाची, सीटी शोधल्याबद्दल त्यांना १९७९चं नोबेल विभागून मिळालं. पाणी गडद दिसतं, आणि शिरेतून दिलेलं औषध भिंतीत पोचलं की भिंत उजळते, म्हणून दोघांमधली कड स्वच्छ कळते. पूर्वी पोटात पांढरं दिसणारं औषध पाजायचे, त्याच्या उजेडात भिंतीची उजळलेली आतली बाजू हरवून जायची.

मग त्यांनी माझी चित्रं एकेक करून सरकवली. वरची भिंत पातळ रेघेसारखी. जठराच्या मोठ्या वळणाच्या बाजूला तीच रेघ रुंद होत गेलेली, आतल्या बाजूला घड्या बोटांसारख्या आत आलेल्या. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला काळपट पट्टा, ती चरबी. “हा पट्टा बघा,” त्या म्हणाल्या, “कुठे तुटलाय का? नाही. आजार भिंतीच्या बाहेर आल्याची खूण इथे नाही.” जठराजवळ लिम्फच्या दोन-तीन बारीक गाठी होत्या, सेंटिमीटरपेक्षा लहान, एवढ्या गाठी निरोगी माणसातही असतात.

मी विचारलं, एवढंच दिसतंय तर मग लिम्फोमा कशावरून? त्यांचं उत्तर मला तंतोतंत आठवतं. “सीटीवरून नाहीच. मला फक्त ही फिल्म दिली असती तर मी गॅस्ट्रायटिससुद्धा म्हटलं असतं.” गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या अस्तराची साधी सूज. लो-ग्रेड लिम्फोमा अस्तरात आणि त्याच्या लगेच खालच्या थरात पसरतो. बऱ्याचदा भिंत थोडीशीच जाड होते, कधी अस्तरावर बारीक दाणे किंवा उथळ जखम असते जी दुर्बिणीत दिसते आणि सीटीत नाही, आणि काही रुग्णांचा सीटी तर पूर्ण नॉर्मल असतो. नुसत्या जंतूच्या सुजेनेही घड्या अशाच जाड होतात. दोन्हींतला फरक सीटीला करता येत नाही, तो तुकड्यातच कळतो.

मग सीटीचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, जे दिसलं नाही त्याचा उपयोग जास्त. हाय-ग्रेड, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या, लिम्फोमात भिंत सहसा सेंटिमीटरच्या बरीच पुढे जाते, कधी दोन-तीन सेंटिमीटर, गोळा तयार होतो, गाठी मोठ्या असतात आणि किडनीच्या पातळीच्या खालीही उतरलेल्या सापडतात. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये भिंत ताठ होते, जठर आकसतं, भोवतालच्या चरबीत तो धागे सोडतो. लिम्फोमात भिंत जाड झाली तरी जठर बहुधा लवचीक राहतं, वाट अडत नाही. सीटीत जर चार सेंटिमीटरची गाठ दिसली असती, तर डॉक्टरांनी तुकड्याच्या रिपोर्टवर समाधान न मानता त्या जागचा खोल तुकडा पुन्हा मागितला असता, कारण एकाच जठरात सावकाश वाढणारा आणि वेगाने वाढणारा असे दोन्ही असू शकतात. माझ्या सीटीत असं काही नव्हतं. तुकडा जे सांगत होता त्याला सीटीने विरोध केला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी घरी येऊन आक्काला आणि मेहुण्यांना एकत्र बसवलं आणि हे सगळं फिल्म खिडकीला लावून दाखवलं. आक्काला तुकड्याचा रिपोर्ट चुकलेला नाही हे पटायला वेळ लागला. ती रडली. पण त्यानंतर आमच्यात वाद उरला नाही, आणि आजारी माणसाला त्याची केवढी गरज असते ते मी अनुभवलं.

पेटबद्दल कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. पेटमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात आणि ते कुठे शोषलं जातं ते बघतात. हा सावकाश वाढणारा प्रकार ते औषध शोषेलच असं नाही, त्यामुळे पेट कोरा आला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. त्यांना वेगाने वाढणाऱ्या प्रकाराचा संशय नव्हता, म्हणून त्यांनी नको सांगितलं. वीस हजाराच्या आसपासचा खर्च वाचला. एलडीएच, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही या रक्ततपासण्या झाल्या. छातीचा सीटी झाला, स्वच्छ. कमरेच्या हाडातून बोन मॅरोही, म्हणजे हाडातला मगजही, तपासायला काढला. दुखतं, पण सहन होतं, निगेटिव्ह आला.

भिंतीच्या कुठल्या थरापर्यंत आजार गेलाय हे सीटीला सांगता येत नाही, त्याला भिंत एकसंध दिसते. त्यासाठी दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी लावलेली असते, एन्डोस्कोपिक सोनोग्राफी. तिच्यात जठराचे पाच थर वेगवेगळे दिसतात. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मार्चचा मध्य, १२,००० रुपये, गुंगीचं इंजेक्शन देतात म्हणून सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. दुसरा आणि तिसरा थर जाड, चौथा म्हणजे स्नायूचा थर शाबूत. स्टेज एक. आजार जितका वरच्या थरांत तितकी नुसत्या ॲन्टिबायोटिकने ओसरण्याची आशा जास्त.

त्यानंतर जे औषध मिळालं ते बघून मेहुण्यांचा विश्वास बसेना. १४ दिवस, ॲमॉक्सिसिलिन १ ग्रॅम दोनदा, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दोनदा, आणि ॲसिड कमी करणारी गोळी दोनदा. शहापुरातल्या मेडिकलमध्ये अठराशे रुपयांत. मार्चअखेर सुरू केलं. तोंड सतत कडू, पोट बिघडलेलं. पाडव्याचं श्रीखंडही कडू लागलं. एकही डोस चुकवू नका, अर्धवट सोडलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. बायकोने कॅलेंडरवर खुणा केल्या.

जंतू गेला का ते लगेच तपासता येत नाही. ॲन्टिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवडे आणि ॲसिडची गोळी बंद केल्यावर दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर खोटं निगेटिव्ह येतं. मेच्या शेवटी फुंकर मारायची ब्रेथ टेस्ट झाली. निगेटिव्ह.

जुलैत पुन्हा दुर्बीण. जखम भरलेली, घड्या उतरलेल्या, हिमोग्लोबिन १२च्या वर. आम्ही पेढे आणायचे बाकी होतो. आठवड्याने तुकड्याचा रिपोर्ट आला: लिम्फोमाच्या पेशी अजून आहेत, कमी झाल्यात. पहिल्या निदानापेक्षा हा दिवस मला जास्त जड गेला. डॉक्टरांनी घाई केली नाही. जंतू आठवड्यांत जातो, पेशी विरायला महिने लागतात, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त. रुग्णाची तब्येत बरी असेल आणि आजार वाढत नसेल तर थांबणं हाच उपचार. त्यांनी जपून ठेवलेला ब्लॉक एका तपासणीला पाठवला, टी(११;१८) हा गुणसूत्रांतला बदल आहे का ते बघायला. तो असेल तर ॲन्टिबायोटिकने आजार ओसरण्याची शक्यता कमी असते. ९,००० रुपये, तीन आठवडे, निगेटिव्ह. गरज पडलीच तर पुढे कमी मात्रेचं रेडिएशन हा चांगला मार्ग आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. पुढचा मार्ग माहीत असला की थांबणं सोसतं.

मला दर तीन महिन्यांनी सीटी करून बघावासा वाटायचा. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पोटाच्या एका सीटीतून साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, निसर्गातून आपल्याला मिळणाऱ्या काही वर्षांच्या किरणांएवढे. आणि पहिल्याच सीटीत जो आजार जेमतेम दिसत होता तो ओसरला की नाही, हे सीटी काय सांगणार? भिंत पातळ झाली तरी अस्तरात पेशी असू शकतात. बाहेर काही गेलं नाही ना, एवढं बघायला वर्षाने एकदा पुरे.

तो सीटी फेब्रुवारी २०२५मध्ये झाला, त्याच सेंटरवर, तेवढंच पाणी पिऊन. जुनी सीडी सोबत न्या, म्हणजे तीच जागा शेजारी-शेजारी ठेवून मोजतात. भिंत ४ मिलिमीटर, गाठी नाहीत. यावेळी घरात कुणी त्यावरून निष्कर्ष काढला नाही, सगळे तुकड्याची वाट बघत राहिले. कोल्हापूरची तारीख त्याच महिन्याच्या शेवटी होती, पण तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस बंद राहिल्या. ती पुढे ढकलून मार्चमध्ये घेतली. सीमेपलीकडच्या डॉक्टरांची तारीख असेल तर मिरजमार्गे रेल्वेचं वेळापत्रक पाहून ठेवा. कोल्हापुरात थर पुन्हा सारखे दिसले, आणि तिथेच घेतलेल्या तुकड्यांत लिम्फोमाच्या पेशी सापडल्या नाहीत. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग बायकोकडे वळून म्हणाले, “वहिनी, गेलाय.” ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला.

हे सगळं धरून, जाण्यायेण्यासकट, लाखाच्या आसपास खर्च झाला. त्यातलं औषध ते अठराशेच. पुढची दुर्बीण सप्टेंबरमध्ये, मग वर्षातून एकदा, कारण जंतू परत आला किंवा उरलेल्या पेशी जाग्या झाल्या तर त्या तुकड्यातच आधी कळतात. सीटीची चिठ्ठी यावेळी दिलेली नाही.